आबांचं काकटेल

माझ्या आजोळी पाण्याला कधी तोटा नव्हता, आणि मला नेमका त्याचाच राग यायचा. आमचं गाव वडूजच्या पुढं, माणदेशाला लागून. तिथं उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी उतरायचं, झऱ्यापाशी बसून वाटीवाटीनं घागर भरायची, आणि घरी आणल्यावर तिच्यावर असं लक्ष ठेवायचं की लोक दागिन्यांवरसुद्धा ठेवत नसतील. आजोळ मात्र सांगलीकडं, कृष्णेच्या काठावर. भिलवडी स्टेशनात उतरलं की मामांची बैलगाडी उभी असे, आणि तिथून घरापर्यंत दोन्ही अंगांना ऊस, हळद, केळी आणि पुन्हा ऊस. पाट भरून वाहताहेत, म्हशी डुंबताहेत, पोरं पाण्यातून बाहेर यायला तयार नाहीत. आई गेली तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीत होते आणि लढाई चालू होती. मामा येऊन मला चार महिन्यांसाठी म्हणून घेऊन आले, आणि ते चार महिने काही केल्या संपेनात.

माय मरो पण मावशी जगो, असं म्हणतात. मला मावशीच नव्हती. आईला दोन भाऊ, बहीण एकही नाही, त्यामुळं मी दोन मामींच्या वाट्याला आले. खरं सांगायचं तर कुणी माझा जाच केला नाही. केला असता तर निदान रडायला कारण मिळालं असतं. थोरल्या मामी घराच्या कारभारीण, हातानं सढळ आणि तोंडानं फटकळ. धाकट्या मामी नव्यानं लग्न होऊन आलेल्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या, पण त्यांचे डोळे दिवसभर नवऱ्याच्या वाटेकडं. ताटात मला सगळ्यांइतकंच वाढलं जाई. पण माझं नाव मालन, हे जणू कुणाला ठाऊकच नव्हतं. ‘शांताची पोरगी कुटं हाय?’ ‘शांताच्या पोरीला हाक मारा.’ पहाटे मोटेची चाकं कुरकुरायला लागत, मोट हाकणारा गडी बैलांना नावानं हाका मारत गाणं म्हणे, आणि मी अंथरुणात पडून मनात म्हणे, बघ, बैलांनासुद्धा नाव आहे. एकदा मी जेवताना हुलग्याचं माडगं मागितलं. आमच्याकडं थंडीत रोज सकाळी तीच गरम पेज पोटात जायची. सगळी पंगत हसली. ‘आगं, हुलगं आमी बैलाला घालतो,’ मामा म्हणाले, आणि प्रेमानं माझ्या ताटात गुळाचा खडा टाकला. मी तो खाल्ला. त्यानंतर मात्र त्या घरात मी कधीच काही मागितलं नाही.

लढाई संपली, आबा पलटणीतून सुटून घरी आले. आता ते मला न्यायला येणार, असं मी धरूनच चालले होते. ते आलेही. ओसरीवर बसले, चहा प्याले, मामांशी पीकपाण्याचं बोलले. मी दाराआड उभी होते. मामांनीच विषय काढला, ‘दाजी, पोरीचं काय करायचं?’ आबा म्हणाले, ‘न्हेऊन तरी काय करू? घरात बाईमानूस न्हाई. भाकरी कोन थापंल?’ आणि संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. दुसऱ्या कुणी पोरीनं यावर रडून घेतलं असतं. मी मूळची हट्टी. मला वाटलं, हे तर सोपं आहे. बाईमाणूस नाही म्हणून अडलंय ना, मग मी बाईमाणूस होते. त्या दिवसापासून मी थोरल्या मामींच्या चुलीपुढून हलले नाही. हात भाजले, भाकऱ्यांचे नकाशे झाले, मामींची बोलणी खाल्ली, पण वर्षाच्या आत माझी भाकरी टम्म फुगायला लागली. फक्त ते आबांना दिसायचं कसं, एवढंच राहिलं होतं. भाकरीसाठी काही कुणी वडूजहून सांगलीला येत नाही.

मग धाकट्या मामींना दिवस गेले. उन्हाळ्यात सातवा महिना आला आणि घरात डोहाळजेवण ठरलं. मळ्यातल्या, गावातल्या सगळ्या बायका येणार, झोपाळा बांधणार, पाच फळांनी ओटी भरणार. मामा बाहेरून आले आणि थोरल्या मामींना म्हणाले, ‘दाजी बी येनार हायती.’ मामींनी माझ्याकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं, आणि दोघं आत गेली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की त्या दिवशी मी असं काहीतरी करायचं की आबांनी तोंडात बोट घातलं पाहिजे. आणि ते काय करायचं, हे मला तिथंच उभ्याउभ्या सुचलं.

आबा पलटणीत मेस हवालदार होते. साहेब लोकांच्या खाण्यापिण्यावर देखरेख करायचं काम त्यांच्याकडं होतं. आई असताना ते एकदा रजेवर आले होते आणि आम्ही तिघं अंगणात जेवायला बसलो होतो. ऊन उतरलं तरी जमीन तापलेलीच होती. आबा म्हणाले, ‘हितं घामानं जीव चाललाय, आन तकडं मडमा बागंत बसून काकटेल पित्यात.’ आईनं विचारलं, ते काय असतंय? ‘मोट्टं काचंचं भांडं असतंय. त्यात आंबा, कलिंगड, संत्रं, आननस, समद्यांचा रस येकात आन वर फोडी. बर्फ टाकायचा. दारूचं येगळं असतंय, हे मडमांसाठी बिनदारूचं.’ आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ‘आवं, आंबा आन कलिंगड येका भांड्यात? पोटात जाऊन भांडत्याल की!’ आबाही हसले. म्हणाले, ‘फुडल्या रजंला करून घालतो तुला.’ पुढल्या रजेला आई नव्हती.

थोरल्या मामींना पटवणं सोपं नव्हतं. मी म्हटलं, डोहाळजेवणाला मी सरबत करते, सगळ्या फळांचं मिळून, पलटणीतलं. नाव सांगायची चूक केली. ‘काकटेल? आगं ती दारू आस्ती! त्या म्हादूचा भाऊ लढाईवरनं आलाय, त्यो पिऊन आसंच काकटेल काकटेल करत आस्तोय.’ मी आईची शपथ घेऊन सांगितलं, की यात दारू नसते, मडमांसाठी बिनदारूचं करतात. मामी म्हणाल्या, ‘मडमा पित्यात म्हंजी मग नक्कीच आस्ती.’ शेवटी धाकट्या मामींनी तोडगा काढला. त्यांना आंबटगोड काहीही चालत होतं. त्या म्हणाल्या, ‘आक्का, माज्या डोहाळ्याचं हाय की न्हाई? मला हेच प्यावंसं वाटतंय.’ डोहाळकरणीला नाही म्हणायचं नसतं. मामींनी हात टेकले, पण बजावलं, की नासाडी केलीस तर त्या फळांच्या सालींसकट तुला खायला लावीन.

आता माझी नातसून मिक्सरचं बटण दाबते, दोन मिनिटांत ग्लासात काहीतरी तांबडं-पिवळं येतं आणि कडेला लिंबाची चकती खोचलेली असते. छान असतं, मी पिते. पण त्या सरबतासाठी मी किती खपले ते तिला सांगायला गेले तर ती फोनमध्ये बघत हं हं करते. तर आधी मी थोडंसं करून पाहिलं. कैरीचा गर, लिंबू, कलिंगडाचा रस एका पितळी तपेल्यात घातला आणि सावलीत झाकून ठेवला. दुपारी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. तपेल्याची कल्हई गेलेली होती, आंबट होतं ते पार कळकलं होतं, जिभेवर पितळ चाटल्यासारखी चव. केळ्याच्या फोडी काळ्या पडल्या त्या वेगळ्याच. ते सगळं मी गुपचूप म्हशीला घातलं. मग हट्ट धरून मोठ्या पातेल्याला कल्हई करून घेतली. कल्हईवाल्याच्या भात्यापाशी मी सकाळभर बसून राहिले आणि पातेलं आतून आरशासारखं होईपर्यंत त्याला हलू दिलं नाही. केळ्याला आधी लिंबू चोळलं की ते काळं पडत नाही, हेही मी चुकतमाकत शिकले. संत्री आणि अननस कुठून आणणार? रेशनवरची साखर चहालाच पुरत नव्हती. पण गुऱ्हाळाची काकवी घरात घागरी भरून होती, आणि काकवीनं त्या सरबताला जो रंग आणि वास आला तो कुठल्या मडमेच्या नशिबी नसेल.

डोहाळजेवणाच्या दिवशी मी कोंबड्याच्या आरवण्याबरोबर उठले. नदीच्या वाळूतली कलिंगडं आणि खरबुजं आली, मळ्याच्या बांधावरचे रायवळ आंबे पाटीभर आले, कैऱ्या उकडून आदल्या दिवशीच ठेवल्या होत्या. मी परसात लिंबाच्या झाडाखाली एकटीच बसले होते. आत बायका पुरणाच्या गडबडीत, पोरं झोपाळ्याभोवती. आंबे पिळून पिळून माझे हात कोपरापर्यंत पिवळे झाले. कलिंगड फडक्यातून गाळलं, खरबुजाच्या बारीक फोडी केल्या, त्यात चिमूट मीठ, जिरं भाजून कुटून. गडी सांगलीहून बर्फाची लादी घेऊन आला, भुशात घालून बारदानात गुंडाळलेली. निम्मी वाटेतच वितळली होती. उरलेली मी फडक्यात घालून मुसळानं फोडली आणि पातेल्यात सोडली. पळीनं ढवळलं, एक थेंब तळहातावर घेऊन चाटला, आणि मला एकदम आईची आठवण झाली. पोटात भांडत्याल म्हणाली होती. भांडत नव्हती. सगळी फळं कशी नांदत होती. मी तिथं एकटी बसून हसले आणि मग रडले, आणि पातेल्यात पडू नये म्हणून तोंड बाजूला वळवलं.

दुपारी ओसरीवर गलका झाला, ‘दाजी आलं, दाजी आलं.’ मी दाराच्या फटीतून पाहिलं. खाकी कोट, पटका, मिशा जरा पांढरट झालेल्या. आबा खांबाला टेकून बसले होते आणि मामा त्यांना पान देत होते. धावत जावंसं वाटलं, पण माझे हात बरबटलेले होते, आणि मला आधी पेला घेऊन त्यांच्यापुढं जायचं होतं. मी मनात सगळं बसवून ठेवलं होतं. ते विचारतील कुणी केलं, मी म्हणेन मी, आणि मग मला नेण्यात काही अडचणच उरणार नाही.

पण आधी बायकांची पंगत. धाकट्या मामी हिरव्या लुगड्यात, अंगभर फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसल्या होत्या. पहिला पेला त्यांना दिला. त्यांनी एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. मग बायका धीट झाल्या. ‘दारू न्हाई न्हवं गं?’ ‘चढली तर घरला पोचीव बया.’ कुणी नाक मुरडत घेतलं आणि पेला पुन्हा पुढं केला. माझे पाय जमिनीवर नव्हते. रांगेच्या शेवटी, भिंतीला टेकून, एक अनोळखी तरुण बाई बसली होती. नवं कोरं लुगडं, हातभर हिरवा चुडा. थोरल्या मामी माझ्यामागून म्हणाल्या, ‘हां, लेकीला दे.’ मला वाटलं असेल कुणी मामींच्या माहेरची. मी पेला दिला. तिनं तो तोंडाला लावला नाही. उजव्या हाताचं बोट सरबतात बुडवलं, पदराआडून गळ्यातली काळ्या दोऱ्यात ओवलेली एक चांदीची चकती बाहेर काढली, आणि बोटावरचा थेंब त्या चकतीला लावला. मग ती प्यायली.

आमच्याकडं लहान पोरालाही कळतं ते काय असतं. आमच्या गावच्या पाटलांच्या दुसऱ्या बायकोच्या गळ्यात तसा टाक होता. पहिली बायको वारली की तिच्या नावानं चांदीच्या पत्र्यावर बाईची आकृती ठोकून घ्यायची आणि दुसरीनं ती गळ्यात बांधायची. नवं लुगडं नेसायचं तर आधी तिला दाखवायचं, गोडधोड खायचं तर आधी तिच्या तोंडाला लावायचं. सवतीचा मान. मी पळी हातात धरून उभी राहिले. विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं, ‘ह्यो कुनाचा टाक?’ ती माझ्याकडं बघून घाबरलीच. तिलाही कुणी काही सांगितलं नसावं, की मी कोण आणि मला काय ठाऊक आहे. ती हळूच म्हणाली, ‘शांताबाईंचा. मी काय बी तोंडात घालायच्या आदी त्येंनला लावती.’

थोरल्या मामी पुढं आल्या आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलल्या, ‘पोरी, ही तुजी नवी आय, हौसा. आमची शांता गेली, तिच्या जागी ही आमची लेक. आजपास्नं हितं हिचं म्हायार.’ अशीही रीतच होती. पहिलीच्या माहेरानं दुसरीला लेक मानायची, तिची ओटी भरायची. मला राग आला तो हौसाबाईंचा नाही. हे मी आज सांगते तर कुणाचा विश्वास बसत नाही. राग आला तो घरातल्या बाकी सगळ्यांचा. सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी तिच्यासाठी लुगडं आणलं ते मी घडी करून ठेवलं होतं, धाकट्या मामींचं समजून. एवढ्या माणसांच्या घरात एकानंही मला बाजूला घेऊन सांगितलं नाही. आणि खरंच सांगते, त्या सगळ्या रागात आणखी एक विचार येऊन गेला, की आईनं चाखलं तर खरं.

तरी मी पेला भरला आणि ओसरीवर गेले. आता घरात बाईमाणूस आलं आहे, मग तर मला न्यायला काहीच हरकत नाही, असं मी मनाला समजावत होते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खोटं नाही. आबांनी घोट घेतला, डोळे मिटले, पुन्हा घेतला. ‘आयला! कुनी केलं?’

‘मी.’

‘तू? आमच्या मेसमदल्या कूकला जमलं नसतं आसं.’

‘आबा, मला समदं येतंय आता. भाकरी येती, कोरड्यास येतंय, पुरान वाटाया येतंय. मी येऊ घरी?’

आबांनी मामांकडं पाहिलं. त्यांनी काही बोलायच्या आत दारातून थोरल्या मामी बोलल्या. ‘न्हेऊ नगा बरं का दाजी. धाकटीचं बाळातपन तोंडावर आलंय. गावभरच्या बायकांचं सरबत येकटीनं केलंय पोरीनं. आवं, आमच्या मालनशिवाय माजं कसं व्हायचं?’ त्या घरात माझं नाव इतकं कौतुकानं कुणी पहिल्यांदाच घेतलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा. आबांचा चेहरा मला अजून दिसतो. खांद्यावरचं ओझं कुणीतरी आपण होऊन उतरून घ्यावं, तसा मोकळा झाला. ‘व्हय व्हय, ऱ्हाऊ द्या की. हितं बरी हाय ती. बाळातपन हुंदे, मग बगू.’ आणि त्यांनी रिकामा पेला माझ्या हातात दिला.

बाळंतपण झालं, मग बाळाचं करायला मी, मग मामींचं दुसरं बाळंतपण. तोवर माझंच लग्नाचं वय झालं. आबांच्या घरी मी पुढं गेले ती चार दिवसांची पाहुणी म्हणूनच. हौसाबाई माझ्याशी वाईट कधी वागल्या नाहीत. निघताना माझी ओटी भरायला त्या कधी विसरल्या नाहीत. आबांशी मी शेवटपर्यंत नीट बोलले, पण तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

डोहाळजेवणाच्या त्या संध्याकाळी मामांनी गाडी जुंपली. आबा पुढं चढून बसले. हौसाबाई सगळ्यांच्या पाया पडून दारात आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. आबांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, ‘पोरीला घ्या की वं बरूबर.’ आबा म्हणाले, ‘गाडी चुकंल, चल.’ तेव्हा हौसाबाईंनी पदर सारला, दोरा ओढून टाक बाहेर काढला आणि थोड्या वाकल्या. ‘ये, पाया पड आयच्या.’ मी कपाळ टेकवलं. चांदी त्यांच्या अंगानं कोमट झाली होती, आणि सरबताचा चिकटपणा अजून तसाच होता. मग त्या गाडीत चढल्या. बैल चालायला लागले, उसातल्या वाटेनं गाडी स्टेशनाकडं वळली, आणि मी मोजलं तर गाडीत माझे आबा होते, हौसाबाई होत्या आणि त्यांच्या गळ्यात आई होती. तिघंही घरी चालली होती. मी दारातून आत वळले.